‘कस्टम’ ट्रायबल टॅटूच्या नावाखाली २२,००० रुपयांना चुना

डिझाइनचे ४,५००, बुकिंगचे ९,५००, कामाच्या दिवशी ८,०००. दादरच्या एका टॅटू स्टुडिओने ‘फक्त तुमच्यासाठी काढलेल्या’ ब्लॅकवर्क ट्रायबल हाफ स्लीव्हचे, म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतच्या भरीव काळ्या पट्ट्यांच्या टॅटूचे, एवढे पैसे घेतले आणि दंडावर चढवलं नेटवरून उचललेलं चित्र. पेजवरचे फोटोही दुसऱ्याच कोणाच्या कामाचे, हे वेगळं सांगायला नको.

सगळ्यात जास्त चीड येते ती स्टेन्सिल, म्हणजे सुई लावण्याआधी कातडीवर उमटवलेला आराखडा, आठवून. पुढून झकास दिसत होतं. हात वर केला तर काखेच्या बाजूला दोन टोकांमध्ये तीन बोटांची फट, आणि खांद्याच्या उंचवट्यावर बसायला हवं ते मोठं टोक खाली घसरलेलं. लबाडी तिथेच उघडी पडली होती. ट्रायबल त्या त्या अंगावरच बेततात. दंडाभोवती ट्रेसिंग पेपर किंवा क्लिंग फिल्म गुंडाळायची, त्यावर काख, कोपर, स्नायूची कड मार्करने आखायची, मग पट्टे काढायचे. नाहीतर थेट कातडीवर फ्रीहँड. इथे मापाची साधी टेपसुद्धा लावली नाही, व्हॉट्सॲपवर हाताचा एक फोटो मागवला. फटीबद्दल विचारलं तर म्हणे, “दादा, शेडिंगने भरून काढू.” सॉलिड काळ्या कामात फिकट छटांचं शेडिंग! पण १४,००० आधीच अडकलेले, शिवाय स्टेन्सिल पुसून परत लावणं रोजचंच. कोणीही बसूनच राहिला असता.

सुई धरली शिकाऊ पोराने. काळा भरायला मॅग्नम ही रुंद सुई लागते, त्याने रेघा काढायच्या लायनरनेच खरवडलं. एकाच जागी परत परत सुई फिरली की कातडी सोलवटते आणि खपलीबरोबर शाई निघून जाते. सुई दीड-दोन मिलिमीटरच्या खाली गेली की शाई कातडीखाली रेघेबाहेर पसरते. टोकांभोवती आता निळसर छटा आहे. शाईही पातळ केलेली, महिन्याभरात काळ्याचा ठिपक्याठिपक्यांचा राखाडी झाला. पट्ट्यांमध्ये पुरेशी कातडी मोकळी सोडावी लागते, कारण वर्षांगणिक काळा पसरतो. इथे जेमतेम दोन मिलिमीटर.

ताज्या कामाचे फोटो बघून भुलू नका, जखम भरून आलेल्या कामाचे मागा. सुईच्या कार्ट्रिजचं पाकीट समोर फोडायला लावा.

पोलीस ठाण्यात ऐकवलं, “चित्र आवडलं नाही म्हणून एफआयआर होत नाही.” अहो, आवडण्याचा प्रश्नच कुठे आहे? चोरीचं चित्र स्वतःचं म्हणून विकलंय! वॉर्ड ऑफिसात परवानावाले आरोग्याकडे पाठवतात, आरोग्यवाले परवान्याकडे. रक्ताशी संबंध येणारं काम, हिपॅटायटिस बीची भीती, आणि विचारणारं कोणी नाही. ग्राहक हेल्पलाइनने तर तक्रार ‘निकाली’ काढली, कारण स्टुडिओने फुकट टच-अप कबूल केलं. त्याच पोराच्या हातून!

आता उरलाय जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. पेमेंटचे स्क्रीनशॉट, चॅट आणि स्टेन्सिलचे चारही बाजूंचे फोटो जपून ठेवा. रोख देऊच नका. ४,५०० वाली ती ‘कस्टम’ ऑफर त्यांच्या पेजवर आजही चालू आहे.