पहिल्या लाँगरायफलचा दस्ता: खोदीव नक्षी की उठावाची?

लाँगरायफल, म्हणजे अमेरिकेतली जुन्या धाटणीची लांब नळीची ठासणीची बंदूक, स्वतःच्या हातांनी घडवायला घेतली की नक्षीचा प्रश्न अपेक्षेपेक्षा फार लवकर येऊन उभा राहतो. नळी बसली, लॉक (ठिणगी पाडणारी कळ) बसलं, चाप बसला. आता दस्ता तासून आकाराला आणू, नक्षीचं मग बघू, असं वाटत असतं. पण उठावाची, म्हणजे भोवतालचं लाकूड उतरवून वर काढलेली नक्षी हवी असेल तर तिच्यापुरतं लाकूड तासतानाच राखून ठेवावं लागतं. दस्ता एकदा शेवटच्या मापावर आला की तो रस्ता बंद होतो आणि खोदीव, म्हणजे लाकडात रेषा कोरून केलेली नक्षीच उरते. त्यामुळे ‘मग बघू’ म्हणणारे बरेचजण न ठरवताच खोदीव नक्षी ठरवून बसतात. माझं म्हणणं इतकंच, की ठरवायचं ते आधी आणि डोळसपणे ठरवावं.

मी पूर्व पेनसिल्व्हेनियात राहतो, आणि लिहितोय ते इथे अमेरिकेत हा नाद लागलेल्या मराठी मंडळींसाठी. चकमकीच्या, ठासणीच्या बंदुकीला इथला १९६८चा केंद्रीय कायदा ‘पुरातन’ वर्गात टाकतो. तरी आपापल्या राज्याचे नियम पाहून घ्यावेत. भारतात मात्र अशी बंदूकही १९५९च्या शस्त्र कायद्यात येते आणि परवान्याशिवाय घडवता येत नाही. तिकडच्या वाचकांना यातलं लाकूडकाम तेवढं उपयोगी पडेल.

सगळीकडे मिळणारा सल्ला एकच असतो: खोदीव नक्षी नवशिक्याची, उठावाची मुरलेल्याची. तो आपुलकीने दिलेला असतो, पण जुन्या बंदुका पाहिल्या की अशी उतरंड दिसत नाही. इथल्याच, पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या कारागिरांपैकी लँकेस्टरच्या जेकब डिकर्टच्या किंवा लेबननच्या जॉन फिलिप बेकच्या दस्त्यांवर उठावाच्या वेलांट्या दिसतात. तिथून फार लांब नसलेल्या लीहाय खोऱ्यातल्या बऱ्याच बंदुकांवर नुसत्या खोदलेल्या रेषा असतात, आणि त्या कारागिरांचा हात कुठेही कमी नव्हता. दोन शेजारी परगण्यांच्या दोन आवडी होत्या, एवढंच. ख्रिश्चन्स स्प्रिंगच्या मोरेव्हियन (एक प्रोटेस्टंट पंथ) वसाहतीत योहान क्रिश्चन ऑर्टरने १७७५ साली घडवलेली रायफल १९७१मध्ये व्हॅली फोर्जच्या संग्रहातून चोरीला गेली होती. ती २०१८मध्ये सापडली आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनमध्ये मांडली गेली. अशा बंदुका काचेआडून का होईना, बघायला मिळाल्या तर सोडू नयेत. छायाचित्रात नक्षीची रूपरेषा कळते, खोली कळत नाही.

या खोलीबद्दल आपल्याकडच्या माणसाला मुद्दाम सांगावंसं वाटतं. आपला डोळा वाड्यांच्या महिरपींवर आणि सुरूच्या खांबांवर तयार झालेला असतो. तिथे सागवानात बोट शिरेल इतकं खोल कोरलेलं असतं. लाँगरायफलवरचा उठाव जेमतेम एक मिलिमीटर, पुष्कळदा त्याहूनही कमी. तेवढ्यावरच सगळा खेळ आहे. ‘उठाव’ ऐकून जो धसका बसतो तो या आकड्याने बराच कमी व्हावा.

खोदीव नक्षीच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. हत्यारं थोडी लागतात: एक चांगली व्ही-पटाशी, म्हणजे व्ही अक्षरासारख्या तोंडाची पटाशी, आणि एक बारीक सुरी. दस्ता पूर्ण आकाराला आल्यावर, त्याचा घाट डोळ्यांना पटल्यावर, मग शांतपणे पेन्सिलीने आखता येतं. रिस्टसारख्या, म्हणजे हाताची पकड बसते त्या बारीक भागातलं लाकूड फारसं कमी होत नाही. आणि खोदलेली रेषा नेमकी उतरली की ती लाकडावर काढलेल्या चित्रासारखी न दिसता लाकडातूनच आलेली वाटते. ही जातिवंत नक्षी आहे, यात मला शंका नाही.

तरी माझं मन तिच्यावरून उडालं ते एका त्रासापायी. हा त्रास लाकडाचा आहे. लाँगरायफलसाठी आपण हौसेने पट्टेदार मेपल घेतो. ते पट्टे कशामुळे दिसतात? लाकडाचे तंतू सरळ न धावता लाटांसारखे वरखाली होत जातात म्हणून. प्रत्येक पट्ट्याला एक चढ असतो आणि एक उतार. चढाच्या दिशेने हत्यार चाललं तर ढलपी लोण्यासारखी निघते. तंतूंच्या पोटात शिरणाऱ्या दिशेने चाललं तर लाकूड उचकटतं. त्यात व्ही-पटाशी एकाच वेळी दोन भिंती कापत असते. रेषा तंतूंना तिरकी गेली की एक भिंत सुलट कापली जाते आणि दुसरी उलट. गोलाई घेत गेलं की अर्ध्या वाटेवर भिंती आपल्या बाजू बदलतात. लाँगरायफलवरची जवळजवळ सगळी नक्षी तर गोलाईचीच: इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची वेलांटी आणि तिच्यातून निघणाऱ्या पाकळ्या. म्हणजे रेषेची एक कड आरशासारखी लखलखीत आणि दुसरी सतत फुसफुशीत. पटाशी कितीही धारदार असो, हे कमी होतं, पण जात नाही. निदान माझ्या लाकडात तरी गेलं नाही.

फुसफुशीत कड घासून टाकू म्हटलं तर वेगळंच होतं. रेषा इंग्रजी व्ही अक्षरासारखी, वर रुंद आणि खाली निमुळती असते. पृष्ठभाग जरा घासला की तेवढीच ती अरुंद होते. जिथे घासलं तिथे बारीक, जिथे नाही तिथे जाड, आणि वेलांटीचा सगळा डौल त्या जाडीच्या सावकाश चढउतारातच असतो. दुसरा उपाय म्हणजे व्ही-पटाशी बाजूला ठेवून प्रत्येक भिंत स्वतंत्रपणे, आपापल्या सुलट दिशेने, सुरीने कापायची. जाणकार असंच करतात आणि फळ सुंदर मिळतं. पण मग खोदीव नक्षी ‘झटपट आणि सोपी’ म्हणून घ्यायचं कारणच उरत नाही.

बरं, कोऱ्या लाकडावर ही कड नजरेआड करता येते. रंग चढला की नाही. मेपलला आपण ॲक्वा फोर्टिस लावतो, लोखंड विरघळवलेलं नायट्रिक ॲसिड, आणि ऊब देऊन त्याचा तांबूस तपकिरी रंग खुलवतो. फाटलेले तंतू हे पाणी जास्त पितात, म्हणून जास्त काळवंडतात. आदल्या दिवशी केसाएवढी वाटणारी खरखर दुसऱ्या दिवशी काळी किनार होऊन समोर येते. माझ्या दस्त्याच्या फळीतून निघालेल्या उरल्यासुरल्या तुकड्यावर मी दोन्ही नक्ष्या शेजारी शेजारी करून पाहिल्या होत्या आणि दोन्हींना एकाच वेळी रंग दिला होता. माझा निर्णय त्या तुकड्याने केला.

उठावाच्या नक्षीतही लाकूड तेच आणि पट्टेही तेच. फरक असा की तिथे दिशा निवडायची मुभा आपल्याला असते. वेलांटीच्या रेषेपासून किंचित बाहेरून व्ही-पटाशी फिरवायची. जी कड उचकटेल ती एकतर पुढे काढूनच टाकायच्या लाकडात असते, नाहीतर मुद्दाम राखलेल्या पट्टीत. मग आजूबाजूचं लाकूड सपाट पटाशीने उतरवत न्यायचं, आणि इथे प्रत्येक इंचाला पटाशी वळवून सुलट बाजूने येता येतं. सगळ्यात शेवटी त्या गोलाईशी जुळणारी गोल पटाशी सरळ उभी धरून वेलांटीची कड स्वच्छ करायची. उभा काप तंतूंना तोडतो, उचकटत नाही. वेलांटीची रेघ जरा मनासारखी नसेल तर अर्धा मिलिमीटर आत सरकवता येते, आणि पाहणाऱ्याला ती आधी कुठे होती हे कळायला काहीच मार्ग नसतो. खोदलेली रेषा मात्र फक्त रुंद होऊ शकते. शिकणाऱ्याला दुसरी संधी देणारी नक्षी सोपी म्हणावी की एका फटक्यात जमावी लागणारी, हे ज्याने त्याने ठरवावं.

आणखी एक, जरा कमी महत्त्वाची गोष्ट. व्ही-पटाशीला धार लावणं ही स्वतंत्र विद्या आहे. दोन बाजू जिथे मिळतात तिथे एक बारीक दात राहून जातो. तो काढायला जावं तर शेजारी खाच पडते. साध्या आणि गोल पटाशीला धार लावायला माणूस लवकर शिकतो. उठावाच्या नक्षीत व्ही-पटाशी लागते, पण शेवटचा शब्द तिचा नसतो, त्यामुळे तिची धार उन्नीस-बीस असली तरी निभावतं.

उठावाच्या नक्षीचे कष्ट झाकून ठेवायचे नाहीत. खरी मेहनत वेलांटीत नसून तिच्या भोवतालच्या सपाटीत आहे. उतरवलेलं लाकूड मूळ दस्त्याच्या गोलाईत असं मिसळावं लागतं की उतार कुठे सुरू झाला ते कळू नये. दोन पाकळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या कोपऱ्यात नेहमीचं स्क्रेपर, म्हणजे लाकूड खरवडायचं पातं, शिरत नाही. करवतीच्या तुटक्या पात्याचे तुकडे घासून निरनिराळ्या आकाराची छोटी स्क्रेपर करून घ्यावी लागतात. एकच दिवा बाजूने, अगदी खालून धरून पाहिलं की प्रत्येक खळगा दिसतो, आणि दिवा असा धरून पाहायलाच हवं, कारण रंग चढल्यावर ते खळगे दिसणारच आहेत. उभी पटाशी सपाटीच्या खाली गेली तर वेलांटीभोवती काळी रेघ उरते, तेव्हा हात हलका ठेवावा लागतो. वेळ निश्चित जास्त जातो. पण हा संथ, पुन्हा पुन्हा सुधारता येणारा वेळ आहे. रात्री जेवण झाल्यावर थोडं करावं, हात थकला की ठेवून द्यावं.

पुढे मी लीहाय धाटणीची, खोदीव नक्षीची बंदूकही केली. तिच्यासाठी जवळजवळ बिनपट्ट्यांचा, साध्या रेषेचा मेपल निवडला आणि ते काम मनापासून आवडलं. तेव्हा तुमचा दस्ता साध्या मेपलचा किंवा अक्रोडाचा असेल तर माझी मुख्य तक्रार बरीचशी गळून पडते, आणि खोदीव नक्षी आनंदाने करावी. मशीनवर आकार दिलेल्या तयार संचातून बंदूक करत असाल तरी तोच मार्ग बरा. तिथे दस्ता मापाला आलेला असतो आणि राखलेलं लाकूड नसल्यासारखंच असतं. शिवाय पुढच्या दस्त्यावर ठासणीच्या गजाच्या खोबणीलगत धावणारी सरळ रेघ दोन्ही प्रकारांत खोदावीच लागते. तंतूंच्या बाजूने जाणारी ती सरळ रेघ म्हणजे व्ही-पटाशीचं खरं घर. तिथे ती शिकून घ्यावी.

पहिली बंदूक बिननक्षीचीच ठेवावी, असंही काहीजण सांगतात. टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांतल्या लोखंडी साजाच्या साध्या बंदुका पाहिल्या की ते पटतंही. घाट बिघडलेला दस्ता कुठल्याच नक्षीने सुधारत नाही, हे तर खरंच. पण पट्टेदार मेपल आणि पितळी पॅचबॉक्स (दस्त्यात बसवायची झाकणाची छोटी पेटी) घेऊन बसलेल्या माणसाला नक्षीशिवाय चैन पडेल असं मला वाटत नाही, आणि पडू नये.

तुमचं मन उठावाकडे झुकत असेल तर सुरुवात लहान ठेवावी असं सुचवेन. नळीची मागची पट्टी, टँग, जिथे संपते तिच्याभोवती एक छोटं पान, आणि गाल टेकतो त्या चीकपीसच्या मागे एकच सी-वेलांटी, फार तर दोन पाकळ्यांची. या दोन जागा सोडून बाकीचा दस्ता पूर्ण आकाराला आणावा. या जागी दीड मिलिमीटर लाकूड जास्तीचं ठेवावं. नक्षीचा बेत ऐनवेळी रद्द झाला तर तेवढं लाकूड कानशीने तासभरात निघतं. म्हणून अजूनही ठरत नसेल तर दीड मिलिमीटर राखून ठेवा आणि फळीतून निघालेल्या तुकड्यावर दोन्ही प्रकार करून, रंग देऊन पाहा. तुकडा दुसऱ्या लाकडाचा घेऊ नका; पट्टे त्याच फळीचे हवेत.