एमएसचा थकवा: स्वँक, वॉल्स की भूमध्यसागरी आहार?

एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार. त्याचा थकवा झोप काढून जात नाही, हे ज्याला आहे त्याला सांगायला नको. औषधं सुरू ठेवून आहारही बदलून पाहू, असं ठरवलं की ही तीन नावं समोर येतात. नाशिकच्या घरात निवड करताना मी आधी एकच विचारेन: हे रोज रांधणार कोण?

एमएससाठी सुचवलेल्या आहारांत डॉ. रॉय स्वँक यांचा जुना. मुख्य अट अशी की संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) दिवसाला १५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. पोळी, भात, वरण, उसळी सगळं चालतं, म्हणून सोपा वाटतो. अडतं ते दुधातुपापाशी. म्हशीच्या दुधाच्या एका पेल्यात जवळपास ९ ग्रॅम, चमचाभर तुपात ३, आणि काळ्या मसाल्याच्या रश्शातून १० ग्रॅम सुकं खोबरं पोटात गेलं तर आणखी साडेपाच. झाले साडेसतरा, आणि दुपारचा चहा अजून व्हायचाय! साय काढलेलं दूध आणि वाटणात खोबऱ्याऐवजी थोडे तीळ, एवढ्यावर बरंच भागतं. चव थोडी बदलते, पण रस्सा रस्साच राहतो.

डॉ. टेरी वॉल्स स्वतः एमएसच्या रुग्ण. त्यांच्या आहारात रोज ९ कप भाज्या-फळं: पालेभाज्या, कोबी-कांदा-लसूण आणि रंगीत भाज्या, प्रत्येकी साधारण ३ कप. सोबत मांस-मासे. दूध, अंडी बंद; कडक टप्प्यात धान्यं, कडधान्यं, टोमॅटो, वांगी, मिरचीसुद्धा. म्हणजे मिसळीतली मटकी गेली, पाव गेला आणि तर्रीही गेली. नाशकात भाजीला तोटा नाही, पण ती निवडायची, धुवायची, चिरायची. थकलेल्या माणसानेच हे करायचं असेल तर हिशेब उलटा बसतो. शाकाहारी घरात तर प्रथिनं आणायची कुठून, हा मोठाच पेच.

हे दोन्ही आहार अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात समोरासमोर तपासले गेले. निष्कर्ष २०२१ मध्ये आले. थकवा दोन्ही गटांत कमी झाला. मात्र दोन्ही गटांना बी-१२ आणि डी जीवनसत्त्वंही दिली जात होती, आणि नेहमीचंच जेवण चालू ठेवणारा तिसरा गट नव्हता. त्यामुळे गुण नेमका कशाचा, हे सुटं करता येत नाही. आपल्याकडे शाकाहारी लोकांत बी-१२ची कमतरता सर्रास आढळते. तेव्हा ताट बदलण्याआधी बी-१२, डी, हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासून घ्या. कमतरता निघाली तर तिचा उपचार आधी.

भूमध्यसागरी, म्हणजे ग्रीस-इटलीकडच्या पद्धतीच्या आहाराचा पुरावा छोट्या अभ्यासांचा आहे, पण त्यांतही थकवा उतरल्याचं दिसलं. भाज्या, फळं, कडधान्यं, दाणे-बदाम, चालत असेल तर मासे. तळण, मैदा, साखर कमी. ऑलिव्ह तेल परवडत नसेल तर बेताचं शेंगदाणा तेल वापरा. अगदी तेच नव्हे, पण चालेल. घरात वेगळा स्वयंपाक करावा लागत नाही, म्हणून माझं मत यालाच. शाकाहारी असाल तर डोळे झाकून हाच. मांसाहारी असाल, हाताशी माणूस असेल आणि वजन आधीच कमी नसेल, तर वॉल्सचा विचार आहारतज्ज्ञाला विचारून करा.

कोणताही घेतलात तरी निदान १२ आठवडे द्या. एप्रिल-मेमध्ये मात्र सुरुवात नको: उन्हाच्या तापानेच एमएसचा थकवा वाढतो, मग आहाराचा गुण आला की नाही हे कळणार कसं? दिवाळीचा फराळ संपला की सुरू करा.