बोहोलची कंट्रीसाइड टूर: जरूर घ्या, फक्त क्रम उलटा करा

फिलिपिन्समधल्या बोहोल प्रांतात कुठल्याही हॉटेलात उतरा, काउंटरवर पहिलं पत्रक हातात पडतं ते 'कंट्रीसाइड टूर'चं. एका दिवसात चॉकलेट हिल्स या टेकड्या, टार्सियर नावाचा चिमुकला प्राणी, लोबोक नदीवरचं जेवण, महोगनीचं जंगल, जुनं चर्च आणि रक्तकराराचं स्मारक. आम्ही अशीच एक टूर घेतली. नवरा, मी आणि गुडघे कुरकुरणाऱ्या सासूबाई. गाडी स्वच्छ होती, ड्रायव्हर गोड बोलणारा होता. तक्रार आहे ती वेळापत्रकाची.

पत्रकाप्रमाणे गेलात तर आधी किनाऱ्यालगतची स्मारकं, मग जेवण, आणि टेकड्या सगळ्यात शेवटी, भर दुपारी. टेकड्यांचं कार्मेन गाव प्रांताची राजधानी ताग्बिलारानहून साधारण ५५ किलोमीटर आत आहे, आणि टेकड्या बघायच्या तर वर जायला २१४ पायऱ्या चढाव्या लागतात. दुपारच्या उन्हात म्हातारं माणूस कसं चढणार? सासूबाई तिसऱ्या टप्प्यावर बसल्या आणि 'तुम्ही या जाऊन, मला इथूनही दिसतंय' म्हणाल्या. खरं तर दिसत नव्हतं. पूर्ण गाडी आपल्यापुरती ठरवली की क्रम आपल्या हातात राहतो. चौघं-पाचजण असाल तर ती परवडतेही. सकाळी थेट कार्मेन गाठा आणि बाकीचं परतीच्या वाटेवर करा.

वर पोचल्यावर मात्र बोलणंच खुंटतं. पंगतीत कुणीतरी भाताच्या मुदी पाडत गेलंय आणि पाडायचं थांबायला विसरलंय, अशा त्या टेकड्या. किमान १,२६० तरी आहेत. काहीजण १,७७६ मोजतात. बहुतेक ३० ते ५० मीटर उंच. एकेकाळी हा समुद्राचा तळ होता. प्रवाळाचा चुनखडक वर उचलला गेला आणि पावसाच्या पाण्याने तो विरघळवत, झिजवत हे आकार घडवले. गावकऱ्यांची कथा वेगळी आहे: आरोगो नावाच्या राक्षसाची प्रेयसी वारली, तो रडला आणि त्याच्या आसवांच्या टेकड्या झाल्या. मला दोन्ही पटलं. टेकड्यांवर झाडं जवळजवळ नाहीत, नुसतं गवत. ते उन्हाळ्यात करपतं तेव्हाच टेकड्या चॉकलेटी दिसतात, म्हणून रंग हवा असेल तर मार्च ते मे. पावसाळ्यात गेलात तर हिरव्या दिसतील, आणि मग नावावरून ड्रायव्हरशी भांडू नका.

या भागाला संरक्षण आहे, २०२३ साली बोहोलला युनेस्कोचा ग्लोबल जिओपार्क हा दर्जाही मिळाला. तरीही टेकड्यांच्या पायथ्याशी चक्क पोहण्याच्या तलावासकट एक रिसॉर्ट उभं राहिलं होतं. २०२४च्या मार्चमध्ये त्याची चित्रफीत फिरली, बोंब झाली, तेव्हा कुठे ते बंद झालं.

टार्सियरसाठी एक अट आधीच घाला: गाडी कोरेलाच्या अभयारण्यात न्या. मूठभर आकाराचा हा प्राणी रात्री जागतो आणि दिवसा फांदीला चिकटून झोपतो. त्याचे डोळे खोबणीत हलतच नाहीत, म्हणून तो मान जवळजवळ पूर्ण मागे वळवतो. आवाज, फ्लॅश, हाताळणी याचा ताण त्याच्या जिवावर बेतू शकतो. कोरेलात वाटाड्या बोटाने दाखवतो, आपण कुजबुजत बघायचं आणि पुढे सरकायचं. आमच्यासमोर एक पानाआड होता. एक डोळा किलकिला उघडला, आम्हाला पाहिलं आणि कंटाळून परत मिटला. दोन-तीनच दिसतील, तेवढ्यावर समाधान माना.

लोबोकच्या नदीवर तरंगत्या तराफ्यावर बुफे असतो. गिटारवाला जुनी गाणी म्हणतो, काठावरच्या मंचावर गावकरी उकुलेले वाजवतात आणि बांबूंमधून उड्या मारत तिनिक्लिंग नाचतात. नदी हिरवीगार, सुरेख. जेवण यथातथा. शाकाहारींनी भाजी वाढून घेण्याआधी विचारावं, कारण भाजीतही बागोओंग म्हणजे मासळीची किंवा कोळंबीची आंबवलेली चटणी असू शकते. सासूबाईंचं भात, केळी आणि आंबा यावर भागलं. गावात चर्चजवळ एक पूल अर्धाच बांधून सोडलाय. तो पुढे नेला असता तर चर्चला धोका होता. मला तो चर्चइतकाच आवडला.

महोगनीचं जंगल फोटोपुरतं. झाडं माणसांनी लावलेली, एकाच जातीची, म्हणून आत पाखरांचा आवाज फारसा नाही. रस्त्याच्या मध्यभागी उभं राहून फोटो काढणाऱ्यांपासून गाडी वाचवण्यातच वेळ जातो.

बाक्लायोनच्या चर्चला मात्र घाई करू नका. भिंती प्रवाळाच्या दगडांच्या. १५ ऑक्टोबर २०१३च्या ७.२ तीव्रतेच्या भूकंपात दर्शनी भाग आणि मनोरा कोसळला, तो पुन्हा उभारलाय. रक्तकराराच्या स्मारकाला पाच मिनिटं पुरतात. १५६५ साली इथला दातू म्हणजे प्रमुख सिकातुना आणि स्पॅनिश मोहिमेचा नेता लेगास्पी यांनी एकमेकांचं रक्त मद्यात मिसळून घेतलं, तो प्रसंग शिल्पकार नापोलेओन आबुएवा यांनी ब्राँझमध्ये उभा केलाय. तो करार नक्की इथे झाला की लोआय गावी, यावर अजून वाद आहेत. त्याच प्रसंगाचा सांदुगो उत्सव जुलैत ताग्बिलारानला होतो. तेव्हा जायचं तर खोली आधी धरून ठेवा. मेमध्ये तर गावोगावी फिएस्ता म्हणजे जत्रा असतात.

सगळीकडे प्रवेशफी वेगळी आणि रोख घेतात, सुट्टे पेसो बाळगा. परतताना कलामाय घ्या: चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळसर साखर आटवून करवंटीत भरलेला, वर लाल कागदाची पट्टी. सासूबाईंनी बोटाने चाखून निकाल दिला, 'नारळ हात सोडून घातलाय, वेलदोडा मात्र विसरलेत.' आणि दुसरी करवंटी घ्यायला लावली.