‘हर्बल’ अगरबत्तीने मॅंटिस मरतात ते असे

“नुसतं कडुनिंब आणि सिट्रोनेलाचं तेल आहे, घरातल्या प्राण्यांना काही होत नाही,” असं सांगून डासांची स्वस्त अगरबत्ती गळ्यात मारली जाते. तेलाच्या वासाने डास फार तर लांब राहतात. काडी लावल्यावर ते पटापट उताणे पडत असतील, तर आत पायरेथ्रॉइड, म्हणजे कृत्रिम कीटकनाशक, आहे असंच धरा. नोंदणी नसलेल्या अशा मालात मेपरफ्लुथ्रिन, डायमेफ्लुथ्रिन ही त्याच गटातली रसायनं सापडलेली आहेत. पाळलेला प्रार्थना कीटक, म्हणजे मॅंटिस, शेवटी कीटकच; डासाला जे लागतं ते त्यालाही लागतं. त्यातून तो कात टाकायला डब्याच्या छताच्या जाळीला लटकतो, आणि धूर शिरतो तोही तिथूनच.

घरगुती कीटकनाशकाच्या पाकिटावर नोंदणी क्रमांक, घटकाचं नाव नि टक्केवारी, बॅच, मुदत आणि विषबाधेवरचा उपाय छापावाच लागतो. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचे नियमच तसे आहेत. हे काहीच नसेल तर माल बेकायदा समजा.

याहून बेमालूम चलाखी म्हणजे खरं लेबल दाखवून चुकीची हमी देणं. ‘वनस्पतिजन्य’ पायरेथ्रम शेवंतीच्या जातकुळीतल्या फुलांतूनच निघतं, पण कीटकांना मारतंच. कडुनिंबातल्या अझाडिरॅक्टिनने कात टाकणं बिघडतं. लेबलवरचा विषारीपणा दाखवणारा त्रिकोण हिरवा आहे हे दाखवून “सेफ आहे” म्हणणाऱ्याला विचारा, कोणाला? तो रंग सस्तन प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरतो.

मॅंटिस दगावला की विक्रेता “आर्द्रता कमी पडली असेल” म्हणून हात झटकतो. पण आर्द्रतेने घोळ झाला तर सहसा कात टाकणारा एखादाच कातीत अडकतो. विषबाधेत लहानमोठे सगळे एकदमच बिघडतात: पाय थरथरतात, पकड सुटते, उताणे पडून तंगड्या झाडतात, तोंडातून तपकिरी पाणी येतं. त्यांच्या खाण्यासाठी शेजारच्या बाटलीत ठेवलेल्या फळमाश्या त्याआधीच मेलेल्या असतात.

लक्षणं दिसताच डबा त्या खोलीतून मोकळ्या हवेत न्या. मॅंटिसला स्वच्छ डब्यात, कोऱ्या टिश्यूवर ठेवा आणि ओल्या कापसाच्या काडीने पाण्याचा थेंब तोंडाशी धरा. उतारा नाही, सौम्य बाधा असेल तरच सावरतो. डब्यातली जुनी जाळी, काटक्या, टिश्यू फेकून द्या, धुऊन वापरू नका. कापडात हे रसायन मुरून राहतं. डबा साबणाच्या कोमट पाण्याने दोनदा धुवा.

मॅंटिस परत आणण्याआधी जाळीच्या झाकणाच्या बाटलीत दहा फळमाश्या, थोडं खाद्य घालून डबा असायचा त्याच फळीवर २४ तास ठेवा. तशीच दुसरी बाटली लांबच्या खोलीत ठेवा. फळीवरच्याच मेल्या, तर खोली अजून साफ नाही. दोन्हीकडच्या मेल्या, तर माश्यांचंच काहीतरी बिनसलंय. नव्या आणून पुन्हा बघा.

अगरबत्तीचं पाकीट, उरलेल्या काड्या आणि पावती जपून ठेवा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. बिननोंदणीचा माल कृषी खात्याच्या कीटकनाशक निरीक्षकाच्या अखत्यारीत येतो. विकत घेतानाच पावती मागितल्यावर दुकानदार टाळाटाळ करू लागला, तर पाकीट तिथेच ठेवून निघा.