विंडोज सर्व्हर की लिनक्स: तीस संगणकांच्या कारखान्यासाठी तुलनात्मक आढावा

सर्व्हरचे यंत्र जुने झाले की नवे कोणत्या कंपनीचे घ्यावे, यावर कारखान्यात पुष्कळ खल होतो. त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसवायची, मायक्रोसॉफ्टचे विंडोज सर्व्हर की मोफत मिळणारे लिनक्स, हे मात्र बहुतेक वेळा कोटेशन देणारा व्हेंडरच परस्पर ठरवून टाकतो. विंडोज सर्व्हर २०१६ साठी मिळणारे नियमित सुरक्षा पॅच (त्रुटी बुजवणारे अपडेट) १२ जानेवारी २०२७ रोजी संपत असल्यामुळे हा प्रश्न अनेकांच्या दारात येऊन ठेपला आहे. भोसरी किंवा सातपूरच्या एमआयडीसीतला, तीस संगणक आणि तीन पाळ्या असलेला, पण स्वतंत्र आयटी विभाग नसलेला एखादा कारखाना डोळ्यांसमोर ठेवून ही तुलना केली आहे.

सर्वांत आधी सर्व्हरवर काय काय चालणार आहे याची यादी करावी, कारण अर्धा निर्णय तिथेच होऊन जातो. टॅलीप्राइम हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेले आहे. ते सर्व्हरवर ठेवून दहा-बारा जणांनी रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे आपापल्या संगणकावरून सर्व्हरचा पडदा उघडून, एकाच वेळी वापरायचे असेल, तर विंडोज सर्व्हर हाच सरळ मार्ग आहे. लिनक्सवर ते कसेबसे चालवून दाखवणारे लोक भेटतात, परंतु मार्चअखेरीस ते अडले तर दाद कोणाकडे मागायची, याचे उत्तर त्यांच्याकडे नसते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट (खरेदी, साठा, उत्पादन एकत्र सांभाळणारे ईआरपी सॉफ्टवेअर) मात्र मुळात लिनक्ससाठी घडवलेले असून ते मारियाडीबी हा मुक्त डेटाबेस वापरते; ते विंडोजवर बसवणे म्हणजे द्राविडी प्राणायाम ठरतो.

खर्चाच्या बाबतीत विंडोजचे कोटेशन नीट वाचता आले पाहिजे. त्याचा परवाना प्रोसेसरमधील कोअरच्या (गणन-केंद्रांच्या) संख्येवर ठरतो. कोअर कमी असले तरी एका यंत्रासाठी किमान १६ कोअरचा परवाना घ्यावाच लागतो, आणि स्टँडर्ड आवृत्तीत तेवढ्यावर विंडोजची दोन व्हर्च्युअल मशीन (एकाच यंत्रात सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक) चालवता येतात. त्याखेरीज सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक संगणकासाठी वेगळा परवाना लागतो, ज्याला व्यवहारात ‘कॅल’ म्हणतात. समजा शॉप फ्लोअरवर १२ संगणक आहेत आणि तीन पाळ्यांत मिळून प्रत्येकावर तीन कामगार बसतात, तर माणशी परवाने ३६ घ्यावे लागतील, पण संगणकागणिक घेतले तर १२ पुरतील. माझ्या पाहण्यातल्या कोटेशनांत हा साधा हिशेब क्वचितच केलेला असतो. शिवाय विंडोज सर्व्हर २०१९ साठी घेतलेले कॅल २०२५ च्या आवृत्तीला चालत नाहीत. रिमोट डेस्कटॉपचे कॅल आणखी वेगळे, आणि ते नसतानाही पहिले १२० दिवस सगळे सुरळीत चालते, ही त्यातली खरी गोम आहे. एका ओळखीच्या कारखान्यात व्हेंडरने ते न घेताच काम उरकले होते; चार महिन्यांनी एका सकाळी लेखा विभागातल्या कोणालाच लॉगिन होईना, आणि तोवर व्हेंडरचा फोनही लागेनासा झाला होता.

लिनक्समध्ये असे परवाने मोजावे लागत नाहीत. साम्बा हे मोफत सॉफ्टवेअर वापरून फोल्डर शेअर केले तर जोडलेले संगणक तीस असोत वा तीनशे, परवान्याचा खर्च तोच, म्हणजे शून्य. मात्र वाचलेला पैसा माणसावर खर्च करावा लागतो, आणि तसा माणूस जवळपास मिळतो का, हे यंत्र घेण्यापूर्वीच पाहावे. विंडोजची एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) घेणारे चार जण प्रत्येक औद्योगिक वसाहतीत असतात. रात्रपाळीत साम्बा बंद पडला तर कमांड लाइनवर बसून लॉग (यंत्राने ठेवलेल्या नोंदी) वाचू शकणारा जाणकार शोधावा लागतो. लहानसहान गोष्टीही अडवतात. विंडोजवरची वेबसाइट लिनक्सवर नेली की काही चित्रे गायब होतात, कारण फाइलच्या नावातील इंग्रजी अक्षर मोठे की लहान याने विंडोजला फरक पडत नाही, पण लिनक्स त्या दोन वेगळ्या फाइली मानते.

सर्व कर्मचाऱ्यांचे पासवर्ड, अधिकार आणि धोरणे एका जागेवरून सांभाळायची असतील, तर ॲक्टिव्ह डिरेक्टरीची सोय विंडोजकडे उजवी आहे. साम्बालाही २०१२ पासून असे केंद्रीय नियंत्रणाचे (डोमेन कंट्रोलरचे) काम येते, परंतु स्वतःचा तज्ज्ञ नसलेल्या कारखान्याला मी ते सुचवणार नाही.

लिनक्स घ्यायचे ठरले तरी कोणते, हा प्रश्न उरतोच. सेंटओएस ८ या मोफत लिनक्सला २०२९ पर्यंत आधार मिळेल या भरवशावर अनेकांनी ते बसवले. डिसेंबर २०२० मध्ये त्यामागच्या रेड हॅट कंपनीने ती मुदत २०२१ च्या अखेरीवर आणली. त्यातूनच त्याची जागा घेणारे अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. फुकट मिळणाऱ्या गोष्टीच्या मुदतीचे आश्वासनही तेवढ्याच बेताने घ्यावे, हे तेव्हा पुष्कळांच्या लक्षात आले. लहान कारखान्यासाठी माझा कल उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीकडे आहे: दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये नवी आवृत्ती, पाच वर्षे मोफत पॅच आणि पुढे पैसे भरून मुदत वाढवण्याची सोय. डेबियनही तितकेच भरवशाचे आहे, फक्त त्यामागे व्यापारी कंपनी उभी नाही.

सुरक्षेच्या बाबतीत ‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे वाक्य ऐकून निर्णय घेऊ नये; पॅच वेळेवर बसतात की नाही, हे पाहावे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरच्या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या टर्मिनलचे कामकाज अडले. त्या हल्ल्याने विंडोजमधील ज्या त्रुटीचा फायदा घेतला, तिचा पॅच मार्चमध्येच आलेला होता. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडे रात्री साडेदहा-साडेअकराच्या सुमारास येतात, आणि त्यांना बहुधा रीस्टार्ट लागतो. तीन पाळ्यांच्या कारखान्यात त्यासाठी ठरावीक वेळ राखून ठेवणे भाग आहे. लिनक्सला रीस्टार्ट तुलनेने कमी लागतो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) बदलला की मात्र लागतोच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. उबुंटू मुळातल्या सेटिंगप्रमाणे चारेक आठवड्यांचेच ठेवते, तर विंडोजमध्ये ठरलेली जागा भरली की जुन्या नोंदींवर नव्या लिहिल्या जातात; म्हणजे दोन्हीकडे हात घालावा लागतो.

अशा कारखान्याला मी एकाच यंत्रावर दोन्ही ठेवण्याचा सल्ला देतो: टॅली आणि पासवर्डांसाठी विंडोजचे एक व्हर्च्युअल मशीन, वेब आणि ईआरपीसाठी उबुंटूचे दुसरे, आणि बॅकअप मात्र वेगळ्या यंत्रावर, वेगळ्या पासवर्डखाली. यात एक खाचखळगा आहे. साध्या परवान्यात विंडोजचे एकच व्हर्च्युअल मशीन चालवले तरी परवाना यंत्रातील सगळ्या कोअरचा भरावा लागतो. व्हेंडर ३२ कोअरचा प्रोसेसर स्वस्तात देऊ करत असेल, तर विंडोजचा खर्च दुप्पट होतो. तेव्हा १६ कोअरचा घ्यावा आणि उरलेले पैसे मेमरीवर घालावेत.