डेबियन 12 चा 6.1 कर्नल : फाइल सर्व्हरवर अडीच वर्षं

पुण्यात आमचा व्हिडिओ एडिटिंगचा स्टुडिओ आहे. लग्नं, जाहिराती, माहितीपट असं मिळून 180 टीबी फुटेज एकाच सर्व्हरवर, आणि बारा एडिटर दिवसभर त्याच्यावरूनच काम करतात. लोकांच्या लग्नाचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही, म्हणून सर्व्हरवरच्या डेबियनचा (एक लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम) कर्नल, म्हणजे हार्डवेअर आणि फाइली सांभाळणारा तिचा गाभा, मी फार जपून निवडतो.

मे 2023 मध्ये कर्नलच्या 6.3 मालिकेत एक्सएफएसचा (डिस्कवर फाइली मांडण्याची एक पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम) मेटाडेटा, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची नोंद, बिघडवणारा दोष निघाला, 6.3.5 मध्ये तो दुरुस्त झाला. आमचा सगळा डेटा एक्सएफएसवर. ताज्या कर्नलचा मोह मी तेव्हाच सोडला आणि डेबियन 12 सोबत येणारा 6.1 घेतला.

जुनी शाखा म्हणजे निर्धास्त, असंही नाही बरं का. 6.1.64 मध्ये एक्सटी4 या दुसऱ्या फाइल सिस्टिमवरचा डेटा खराब करणारी चूक शिरल्याचं डिसेंबर 2023 मध्ये उघड झालं. नव्या कर्नलमधला एक बदल या जुन्या शाखेत आणताना त्याच्या जोडीचा दुसरा बदल राहून गेला होता. डेबियनने 12.3 हे अपडेट थांबवलं आणि 6.1.66 घालून 12.4 दिलं. त्या मंडळींनी चूक लगेच जाहीर केली, याचं मला मोल वाटतं. तेव्हापासून माझा नियम: कर्नलचं अपडेट आधी जुन्या चाचणी मशीनवर, तिथे दहा दिवस फाइल कॉपी आणि चेकसमची (फाइल जशीच्या तशी आहे का हे सांगणारा आकडा) तपासणी, मगच मुख्य सर्व्हर रीबूट. आणि कर्नलची आवृत्ती बघायला 'युनेम -आर' या कमांडवर विसंबू नका, ते 6.1.0 एवढंच दाखवतं, खरा आकडा '-व्ही' लावल्यावर दिसतो.

एक त्रास मात्र भोगला. 256 जीबी रॅमवर मूळ सेटिंग ठेवलं, तर डिस्कवर न उतरलेला डेटा मोकळ्या मेमरीच्या 20 टक्क्यांपर्यंत साचू शकतो. कुणी मोठं कार्ड कॉपी करायला लावलं की बाकीच्यांचं प्लेबॅक अडकायचं. टक्केवारी काढून 'डर्टी बाइट्स'ची (असा डेटा जास्तीत जास्त किती साचू द्यायचा) मर्यादा 1 जीबी केली, 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स'ची (किती साचला की मागच्या मागे डिस्कवर उतरवायला लागायचं) 256 एमबी, आणि एडिटरांच्या हाका थांबल्या.

मोठा डेटा सांभाळणाऱ्याला मी 6.1 खुशाल सुचवेन. डेबियन 13 चा 6.12 सध्या चाचणी मशीनवर चालतोय. लग्नसराई संपून पाऊस लागला की मुख्य सर्व्हरवर चढवेन.