मलकीसदेकावरचे दहा धडे: ऐका, पण शास्त्र उघडं ठेवून

कोर्टात ३० वर्षं लघुलेखक होतो. त्यामुळे बायबल वाचताना 'न्याय' हा शब्द आला की अजूनही हात पेन्सिलीकडे जातो. बायबलच्या नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रावरचा हा श्राव्य अभ्यासक्रम लावला तोही विषय बघूनच: भविष्यवाद, न्याय आणि युगानुयुगाचं याजकपण, म्हणजे पुरोहितपद. चालवणाऱ्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत. धडे दहा, प्रत्येक साधारण ४० मिनिटांचा, सोबत टिपणांची पीडीएफ आणि शेवटी चाचणी. आवाज स्वच्छ आहे, मागे संगीत नाही. याबद्दल त्यांचे वेगळे आभार.

दुसरा धडा सगळ्यात सरस. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ति १४ मध्ये, मलकीसदेक येतो तो जेमतेम तीन वचनांपुरता. शालेमचा राजा, परात्पर देवाचा याजक. भाकर आणि द्राक्षारस आणतो, अब्रामाला आशीर्वाद देतो, दशमांश घेतो आणि नाहीसा होतो. पुढे स्तोत्र ११० मध्ये त्याच्या नावाचं एक वचन, आणि मग एकदम इब्री लोकांस पत्र. ज्या पुस्तकात पानोपानी वंशावळी आहेत तिथे या माणसाचा बाप, आई, जन्म, मरण काहीच नोंदलेलं नाही. पत्राचा लेखक नेमक्या याच कोऱ्या जागेवर बोट ठेवतो. शिक्षकांनी हे घाई न करता उलगडलं. 'मलकीसदेकाच्या संप्रदायाप्रमाणे' या शब्दांवर मात्र ते थांबले नाहीत. आपल्या कानाला संप्रदाय म्हटलं की गुरू आणि त्यामागे शिष्यांची रांग दिसते. इथे तर मागे कुणी नाही, नंतरचाही एकच, येशू, आणि तो मरत नसल्यामुळे गादी कुणाकडे जाण्याचा प्रश्नच येत नाही.

चौथा धडाही दोनदा ऐकला. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे याजक इस्राएलाच्या बारा वंशांपैकी लेवीच्या वंशातला हवा, आणि येशू यहूदाच्या. कोर्टाच्या भाषेत सांगायचं तर हा अर्ज पहिल्याच टेबलावरून परत गेला असता. उज्जीया राजाचं उदाहरण इथे चपखल बसलं: यहूदाच्या वंशातला राजा धूप जाळायला मंदिरात शिरला आणि कपाळावर कोड घेऊन बाहेर पडला. म्हणून इब्रीचा लेखक वंशाचा दाखला काढतच नाही, स्तोत्र ११० मधली देवाची शपथ पुढे करतो.

आता सहावा धडा, प्रायश्चित्ताचा दिवस. लेवीय १६ चं वर्णन उत्तम: मुख्य याजक वर्षातून एकदाच पडद्याआडच्या परमपवित्र स्थानात जातो, तेही आधी स्वतःच्या पापांसाठी गोऱ्ह्याचं रक्त घेऊन. आणि मग शिक्षक बिनदिक्कत सांगतात की आत मेला तर ओढून काढता यावा म्हणून त्याच्या पायाला दोर बांधत. दोर कुठे आहे? निर्गम २८ मध्ये झग्याच्या घेराला सोन्याची घुंगरं आहेत, दोर नाही. लेवीय १६ मध्येही नाही. ही ऐकीव गोष्ट आहे आणि उपदेशांतून ती वर्षानुवर्षं फिरते आहे. साक्षीत कुणी असं बोललं असतं तर समोरच्या वकिलाने तिथेच हरकत घेतली असती.

आठव्या-नवव्या धड्यात दानीएल, प्रकटीकरण आणि बाणांचे तक्ते. २२ ऑक्टोबर १८४४ ही ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख विल्यम मिलर या अमेरिकन उपदेशकाच्या अनुयायांनी दानीएलातल्या २३०० दिवसांच्या हिशेबातून काढली होती आणि ती कोरडी गेली, एवढं प्रामाणिकपणे सांगून झाल्यावर शिक्षक स्वतःच नवा हिशेब मांडायला बसले. मी पुढे सरकवलं.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. स्तोत्र ११० अवघं सात वचनांचं. चौथ्या वचनात 'तू युगानुयुग याजक आहेस', आणि दोनच वचनं पुढे 'राष्ट्रांचा न्याय'. अभ्यासक्रमाने चौथं वचन सहा वेळा वाचलं, सहावं एकदाही नाही. याजकपणाचे धडे वेगळे, न्यायाचे वेगळे, मध्ये भिंत. आयुष्यभर मी न्यायाधीश वर बसलेला आणि वकील खाली उभा असा बघितला. योहान त्याच्या शुभवर्तमानात म्हणतो की न्याय करण्याचं सगळं काम पुत्राकडे, म्हणजे येशूकडे, सोपवलंय, आणि पहिल्या पत्रात त्याच पुत्राला आपला कैवारी, म्हणजे वकील, म्हणतो. दोन्ही खुर्च्यांवर एकच जण! हे ऐकायला तर मी नाव नोंदवलं होतं.

जखऱ्याचा तिसरा अध्यायही गाळलाय, आणि तिथे तर अख्खी सुनावणी आहे. यहोशवा, तोही मुख्य याजक, मळक्या वस्त्रांत उभा. उजव्या हाताला सैतान, आरोप करायला. मी लघुलेखकाच्या नजरेने तो अध्याय पुन्हा वाचला: आरोपीचं म्हणणं, शून्य शब्द. तो तोंडच उघडत नाही. थेट हुकूम होतो, मळकी वस्त्रं काढा, आणि पुढच्या वचनात डोक्याला स्वच्छ मंदील. असा रोजनामा मला एकदाही लिहायला मिळाला नाही.

चाचणीचं काय सांगू! 'मलकीसदेक कोण होता?' मी 'शालेमचा राजा व याजक' वर खूण केली, ती चूक ठरली. त्यांचं बरोबर उत्तर: 'स्वतः ख्रिस्त'. इब्री ७:३ त्याला देवाच्या पुत्रासारखा म्हणतं. 'सारखा' आणि 'तोच' यांतला फरक चाचणी तपासणाऱ्या यंत्राला कोण समजावणार?

पाच पैकी साडेतीन तारे. पहिले पाच धडे जरूर ऐका, जखऱ्या ३ स्वतः वाचा, तक्ते सोडा. दोराबद्दल मी संस्थेला ईमेल केला होता. तीन आठवड्यांनी नम्र उत्तर आलं: ध्वनिमुद्रण बदलता येणार नाही, पण टिपणांत दुरुस्ती केली आहे. नवी पीडीएफ उतरवून बघितली. 'दोर' काढून त्यांनी 'साखळी' केलंय.